मायच्या तबकडीवरचा पांढरा थर

आमच्या धंद्यात माल हातात आला की आधी तोंड वाकडं करायचं असतं. रेकॉर्ड कितीही चांगली असो, उजेडाकडे तिरकी धरायची, सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, "हिला बुरशी लागलीय हो. खाचेत उतरलीय. वाजली तर वाजली." समोरचा घाबरतो. आणखी दोन महिने घरात पडून राहिली तर एवढंही हाती लागणार नाही, असं त्याला वाटायला लागतं. मग तो आपणहून खाली येतो. मी तीस वर्षं हेच करत आलेय. यात धादांत खोटं कधी नसतं, खऱ्याला थोडी हवा भरलेली असते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या सवयीमुळे झालं. दादा म्हणे लोकांना सांगतो, निष्काळजीपणामुळे झालं. ते मी मान्य करणार नाही. मी तापट आहे, हट्टी आहे, पण मालाच्या बाबतीत निष्काळजी कधीच नव्हते.

अंबरपेठेत माझं एका शटरचं दुकान आहे. जुन्या रेकॉर्ड घेते, साफ करते, विकते. आम्ही मूळचे नांदेडकडचे. बाप गेल्यावर माय आम्हा दोघांना घेऊन हैदराबादला आली आणि एका इमारतीत झाडलोटीच्या कामाला लागली. एकाचीच शाळा चालेल एवढंच जमत होतं. दादा थोरला आणि मुलगा, त्यामुळे त्याची चालली. सातवीत माझी बंद झाली आणि मी रद्दी-भंगार गोळा करत फिरायला लागले. दादा शिकला, सिकंदराबादला रेल्वेत कारकून झाला. निवृत्त झाला तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी समारंभ केला. दादानं भाषणात मायचे आभार मानले, शिक्षकांचे मानले, साहेबांचे मानले, वहिनींचे मानले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, नवी साडी नेसून.

रेकॉर्डचं मला भंगारातच कळलं. किलोवर घेतलेल्या ढिगातली एक रेकॉर्ड एका माणसानं उचलली आणि मी सांगितलेला भाव मुकाट्यानं दिला. जो घासाघीस करत नाही त्याला काहीतरी माहीत असतं. मी त्याच्या मागोमाग चालत गेले. जुन्या शहरात त्याचं दुकान निघालं, जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डच रेकॉर्ड. सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. पुढे सगळं त्याच्याकडेच शिकले. माल कसा बघायचा, सुई कशी बघायची, आणि तोंड कसं वाकडं करायचं तेसुद्धा.

मधली काही वर्षं फार वाईट गेली. नवरा वारला, कॅसेट आली, सीडी आली, रेकॉर्ड कुणी फुकट नेईना. मग आयटीवाल्या मुलांना अचानक जुन्याचं वेड लागलं. पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली ही मराठी मुलं मला काकू म्हणतात, इंग्रजी रेकॉर्ड मागतात आणि माझ्या पाट्यांवरचं मराठी अडखळत वाचतात. त्यांच्यातला एकजण एकदा हातभर लांबीची बाटली घेऊन आला.

"काकू, हे बघा. रेकॉर्ड साफ करायचं लिक्विड. जर्मनीहून मागवलंय."

मी झाकण काढून वास घेतला. "भांड्यांचा साबण आहे. आणि थोडं स्पिरिट."

"असं नाही हो काकू, स्पेशल फॉर्म्युला असतो त्यांचा."

"स्पेशल आहे तो बाटलीवरचा कागद."

तो हसला, पण बाटली छातीशी धरूनच गेला. मला त्या बाटलीचा रागच आला. मी ठरवलं, आपलं द्रावण आपण करायचं, आणि ते असं करायचं की या पोरांनी जर्मनीला विसरावं.

मी ते नीट केलं. विकायच्या लायकीच्या नसलेल्या सतरा रेकॉर्ड बाजूला काढल्या. परदेशी भाषा शिकवणाऱ्या, कुणाकुणाची भाषणं, खताची जाहिरात असलेल्या. बेगम बाजारातून काचेचे वाडगे, मऊ ब्रश आणि चोळीला लावतात तसल्या मखमलीचे तुकडे आणले. प्रत्येक रेकॉर्ड आधी वाजवायची, पहिल्या मिनिटात किती कडकड होते ते वहीत लिहायचं, मग धुवायची, वाळवायची, पुन्हा वाजवायची. बोअरच्या पाण्यानं धुतली तर क्षारांचे ठिपके राहतात, म्हणून बॅटरीत घालायचं पाणी घेतलं. रिठ्यानं फेस छान आला, पण खाचेत तपकिरी काहीतरी मागे उरलं. बाळाच्या शांपूनं चमक आली, कडकड तशीच राहिली. काच पुसायच्या निळ्या पाण्यानं तर वाजवताना सुईवर गोळाच जमला. सुतारकामाचा पांढरा गोंद ओतून, वाळवून, सालीसारखा सोलून काढला, तर रेकॉर्ड इतकी शांत झाली की मी दोनदा आवाज वाढवून बघितला. पण गोंद वाळायला दिवस जातो. शेवटी जे जमलं ते साधंच होतं. तीन भाग बॅटरीचं पाणी, एक भाग औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, साबणाचे दोन थेंब. सतराच्या सतरा रेकॉर्डवर चाललं. बुरशी असेल तर स्पिरिट थोडं वाढवायचं. मी छोट्या बाटल्या भरून विकायला ठेवल्या. कागद लावला नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हाच दादा दुकानात आला. त्याआधी तो दोनदाच आला होता. एकदा दुकान उघडलं तेव्हा, आणि एकदा पाऊस लागला म्हणून.

त्याच्या हातात उशीचा अभ्रा होता आणि अभ्र्यात मायची तबकडी.

ही तबकडी म्हणजे काय ते सांगायला हवं. माय ज्या इमारतीत झाडायची तिथे दुसऱ्या मजल्यावर एक छोटा स्टुडिओ होता. आवाज थेट तबकडीवर कोरणारं यंत्र होतं त्यांच्याकडे. एकदा ते बिघडलं, दुरुस्त झालं, आणि चालतंय का बघायला तिथल्या माणसाला कुणाचा तरी आवाज हवा होता. माय जिना पुसत होती. तो म्हणाला, अम्मा, कुछ गाओ. मायनं गायलं. यंत्र चाललं, तबकडी त्याच्या कामाची नव्हती, ती त्यानं मायलाच देऊन टाकली. एकाच बाजूला कोरलेली, लेबल नाही, काही नाही. दादा त्या दिवशी मायचा डबा घेऊन गेला होता. त्यानं मायला गाताना पाहिलं, आणि मग त्या माणसानं तबकडी वाजवून दाखवली तेही ऐकलं. मी तेव्हा कुणाच्या तरी दारात रद्दी तोलत असणार.

आमच्याकडे वाजवायला यंत्र नव्हतं. तबकडी ट्रंकेत राहिली. माय गेली तेव्हा मी दादाकडे दुसरं काहीही मागितलं नाही, फक्त ती मागितली. तोपर्यंत माझं दुकान होतं, यंत्रं होती. दादा म्हणाला, "मायची आठवण आहे, ती मुलाच्या घरी राहू दे." हे वाक्य मी दहा वर्षं विसरले नाही. तेवढ्या दहा वर्षांत त्यानं ती एकदाही वाजवली नाही.

आणि आता म्हणाला, "मायच्या पुण्यानुमोदनाला यंदा सगळे येणार आहेत. ती जाऊन दहा वर्षं होतायत. तिचा आवाज लावावा म्हणतो. पण हे बघ काय झालंय."

अभ्र्यातून काढली तर तबकडीवर पांढरा थर. दुधावर साय धरते तसा, मध्ये दाट, कडेला विरळ.

"हे आत्ता दिसलं का तुला?" मी म्हटलं.

"कपाटात होती. कोण बघतंय रोज."

"आणि ही भोकं कुणी पाडली?" मधल्या भोकाभोवती तीन बारकी भोकं होती. "भिंतीला ठोकली होती ना? वहिनींनी शोभेला लावली असणार."

"अगं, होतीच ती भोकं."

"रेकॉर्डला एक भोक असतं, दादा. माझा धंदा आहे हा."

तो गप्प बसला. चिडला की तो गप्पच बसतो, लहानपणापासून. मी म्हटलं, "साफ करून देते. पण मग ती माझ्याकडे राहील. कायमची."

"राहू दे," दादा म्हणाला.

मी आणखी तीन वाक्यं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. तो म्हणाला, "मला एकदाच ऐकायचीय गं. ती काय गायली ते मला आठवत नाही. इतकी वर्षं वाटायचं, आठवतंय. आता बघायला जातो तर काहीच नाही."

 मी तर एकदाही ऐकलं नव्हतं. तो गेल्यावर तबकडी अभ्र्यात परत घातली आणि विकायच्या मालापासून लांब ठेवली.

त्याच दिवशी लावून बघितली असती तर? हे मला कितीतरी जणांनी विचारलं. मळकी रेकॉर्ड सुईखाली घालायची नाही, हा माझा नियम आहे. सुई मळ दाबत दाबत जाते आणि खाच कापते. त्या सतरा रेकॉर्ड टाकाऊ होत्या म्हणून आधी वाजवल्या. मायची कशी वाजवणार? मी थांबले. चाळीस-पन्नास वर्षं थांबले होते, आणखी चार दिवस.

पहिल्यांदा नुसत्या साबणाच्या पाण्यानं पुसली. पांढरा थर पसरला, निघाला नाही. वाळल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा होता तसा. बोटाला तुपकट लागत होता. बुरशी अशी नसते, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं. आलंही. म्हणूनच मी ती घेऊन चाचाकडे गेले.

चाचा आता खूप थकलाय. एका डोळ्याचं दिसत नाही, दुकान अर्धं रिकामं. तबकडी त्यानं हातात घेतली, वजन बघितलं, कडेवर नख वाजवलं आणि कानाजवळ नेली. मग तोंड वाकडं केलं.

"बाई, इसकू क्या लगाए?"

"साबण. अब इस्प्रिट लगाती हूं."

"इस्प्रिट नक्को. बिल्कुल नक्को. ये रेकॉर्ड नहीं है."

"रेकॉर्ड नहीं है तो क्या है, पापड है?"

तो हसला नाही. "अंदर पत्रा है, अल्मुनियम का. ऊपर रोगन चढ़ाया हुआ है. ये सफेद है ना, ये मैल नहीं, रोगन के अंदर का तेल है, बाहर आता. इस्प्रिट लगाए तो रोगन उतर जाता. आवाज रोगन पे ही है. ये छेद देखो, मशीन पे पकडने के हैं." मग त्यानं तबकडी गादीवर आपल्या बाजूला ठेवली. "मेरे कने छोड के जाओ. आठ दिन में करके देतूं."

त्याचं ते शेवटचं वाक्य नसतं तर मी कदाचित ऐकलं असतं. माझ्याकडे ठेवून जा, बघते. हे मी किती जणांना म्हटलंय! माल दोन आठवडे ठेवून घ्यायचा, मग सांगायचं, फार प्रयत्न केला हो, तुमची काही वाचली नाही, तरी एवढ्याला देत असाल तर ठेवते. खाली पत्रा आहे, वर रोगन आहे, तीन भोकं यंत्राची आहेत, इतकं बारीक रचून सांगायला मला नसतं जमलं. मला वाटलं, उस्ताद तो उस्ताद.

"चाचा, ये मेरे साथ मत करो," मी म्हटलं. "मैं तुम्हारे सामने बैठ के ये सब सीखी."

"हौ. मेरे कने सीखे, इसलिए बोल रहा हूं."

"कितने में चाहिए तुमको? सीधा बोलो."

चाचानं माझ्याकडे त्या एका डोळ्यानं बघितलं. मग तबकडी उचलून माझ्या हातात दिली आणि समोरच्या ढिगावरची धूळ झटकायला लागला. त्यानं भाव सांगितला नाही. ती मला त्याच्या नाटकाची पुढची पायरी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शटर अर्ध्यावर ओढलं. तरीही मी सावध होते, हे पुन्हा सांगते. मध्यभागी, जिथे खाचा संपतात, तिथे मखमलीच्या टोकाला निव्वळ स्पिरिट लावून नखाएवढ्या जागेवर फिरवलं. पांढरं गेलं. खाली काळंभोर, चकचकीत. कापडाला काळं लागलं. मला बरं वाटलं. मळ सुटतोय.

मग मी बाहेरच्या कडेपासून सुरू केलं. खाचेच्या दिशेनं, गोल, न दाबता, जसं करायचं तसंच. पहिला तुकडा काळा झाला, दुसरा घेतला. तोही काळा. इतका मळ! मी एकटीच मोठ्यानं बोलत होते. वहिनींच्या घराला बोलले, त्यांच्या कपाटाला बोलले, दहा वर्षं एक फडकं मारायला झालं नाही म्हणून बोलले. तिसरा तुकडा चिकटायला लागला. ओढला तर धाग्यासारखं काहीतरी त्याच्याबरोबर उठलं. बोटं एकमेकांना चिकटली. मी तबकडी उजेडाकडे तिरकी धरली, आणि काळ्यातून पत्रा चमकला. एक पट्टा, रुपेरी, कडेपासून आत आलेला.

माझ्या सतरा रेकॉर्डमध्ये असली एकही नव्हती. सगळ्या प्लास्टिकच्या. सगळ्यांनी मला एकच उत्तर दिलं होतं आणि मी ते पक्कं धरलं होतं.

मी स्पिरिटची बाटली बंद केली. आतला दोन बोटं रुंदीचा भाग अजून पांढरा होता. त्यात खाचा शेवटच्या थोड्याच, पण मघाची नखाएवढी जागा सोडली तर तेवढ्याला हात लागला नव्हता. बाकी सगळं त्या तीन काळ्या चिंध्यांत होतं. त्या मी फेकल्या नाहीत. कशासाठी ठेवल्या ते सांगता येणार नाही, पण एका डब्यात आहेत अजून.

दादाला फोन केला. माझ्या मनात खरं सांगायचं होतं की नाही, हे आता आठवून सांगितलं तर मी स्वतःला सोयीचंच सांगेन. एवढं खरं की त्यानं "झाली का गं साफ?" असं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "काय साफ करणार? तुमच्याकडेच वाट लागली होती तिची. थर काढला तर खाली काही उरलंच नाही."

 फोन स्पीकरवर असणार, कारण वहिनींचा आवाज आला.

"वन्सं, माझ्यामुळंच झालं असेल. मागं एकदा मी तिला ओलं फडकं मारलं होतं. मला वाटलं धूळ आहे. तेव्हापासूनच पांढरं दिसायला लागलं बहुतेक."

मी म्हणायला हवं होतं की ओल्या फडक्यानं काही होत नाही. मी म्हटलं, "आता बोलून काय उपयोग."

फोन ठेवला. एवढ्या वर्षांत वहिनींवर मी पहिल्यांदा पूर्ण जिंकले होते. 

दुसऱ्या दिवशी चाचाकडे गेले. तबकडी समोर ठेवली. त्यानं बघितलं आणि बघतच राहिला. मैं बोला था, असं तो म्हणेल आणि मी त्याच्या अंगावर ओरडेन, याची मी वाट बघत होते. तो म्हणाला, "अम्मा की थी क्या?" मी मान हलवली. "पहले बोलना था ना," एवढंच म्हणाला. मग आतली दोन बोटं त्यानं कसल्याशा पाण्यानं, कापसानं, एकेक नखाएवढं करत साफ केली. ते पाणी कशाचं होतं ते मी विचारलं नाही. मी कधी न विचारता सोडलं नव्हतं.

त्यानं सुई ठेवली. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. खरखर, खरखर, मग एका बाईचा लांबवलेला सूर, तोही शेवटाकडचा, उतरत आलेला. मग श्वास. मोठा, आत ओढलेला, जणू पुढची ओळ घ्यायचीय. आणि त्यावर माणसाचा आवाज, अगदी स्पष्ट, "बस, बस अम्मा. मशीन ठीक है." संपलं.

अकरा सेकंद.

"एकच बार बजाओ अब इसकू," चाचा म्हणाला. "हर बार थोडा घिसता." मी पुन्हा वाजवली नाही. पैसे विचारले, तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सिकंदराबादला दादाच्या घरी माणसं मावत नव्हती. नांदेडहून मामेभाऊ आले होते, त्यांच्या बायका, मुलं. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, शेजारी मायचा. पांढरी फुलं. वंदना झाली. थोडा आवाज फोनवर घेतलाय, एवढं मी आल्या आल्या दादाच्या कानावर घातलं, आणि त्यानं सगळ्यांना सांगितलं की मायच्या आवाजाची तबकडी खराब झाली, पण थोडा आवाज बहिणीनं वाचवून आणलाय. वाचवून आणलाय, असं म्हणाला. भर सभेत माझं कौतुक करायची त्याची ही पहिली वेळ.

मी फोन स्पीकरला जोडला आणि लावलं. 

दादाची नात सात-आठ वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, बोलताना सगळं एकत्र येतं. ती म्हणाली, "आबा, इसमें पणजी कौनसी है? वो अंकल बोलतायत ती नाही ना?"

"नाही बेटा. त्याच्या आधी सूर लावला, मग श्वास घेतला ना, ती."

"फक्त एवढंच?"

मग वहिनी पुढे आल्या. मायच्या फोटोसमोर हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी चूक झाली. मला कळलं नाही. ओलं फडकं मी मारलं." त्यांचे डोळे सुजलेले होते. चार दिवसांचे.

मी म्हटलं, "वहिनी, फडक्यानं काही झालं नाही. तुमच्याकडे होती तेव्हा ती चांगली होती. मी पुसली. स्पिरिटनं."

दादानं माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत नव्हतं?"

"सांगितलं होतं एकानं. नको लावू म्हणून."

"मग?"

"मला वाटलं, तो भाव पाडतोय."

मागे बसलेला मामेभाऊ फिस्सकन हसला. लगेच त्यानं तोंडावर हात धरला, पण हसला. वाईट मनानं नाही. मी कशी आहे हे त्याला माहीत आहे, म्हणून हसला. माझ्या भाव करण्याचे किस्से या लोकांत वर्षानुवर्षं सांगितले जातात, बऱ्याचदा मीच सांगते.

वहिनी हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चार दिवस, वन्सं. चार दिवस मी यांच्याशी डोळा वर करून बोलले नाही. तुम्हाला एक फोन करता आला नाही?"

  त्या वाढायला आत निघून गेल्या. माझंही ताट आलं, सगळ्यांच्या ताटात होतं तेच माझ्या ताटात होतं. मी जेवले.

निघताना तबकडी मी दादाच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, तुझ्याकडेच राहू दे. त्यानं ती उचलली, अभ्र्यात घातली आणि माझ्या पिशवीत ठेवली. "ठरलं होतं ना तसं," म्हणाला. "ते अकरा सेकंद तेवढे पाठव मला."

मी रिक्षातूनच पाठवले. लगेच दोन निळ्या खुणा झाल्या. काही लिहून आलं नाही.

त्याला आता पाच महिने होत आले. मी दर रविवारी फोन करते. फोन दादाचा असतो, उचलतात वहिनी. तब्येत विचारतात, दुकान कसं चाललंय विचारतात, आवाजात काही कमी-जास्त नसतं. दादाला द्या म्हटलं की म्हणतात, "झोपलेत ते." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. सकाळचे अकरा वाजलेले असतात.